नत्थूजींचा न सुजलेला हात

"नीट पाय पोरी. थोडासा तं सुजला असन."

नत्थूजी कामडे शर्टाची बाही पार खांद्यापर्यंत चढवून माझ्या टेबलासमोर उभे होते. मी त्यांचा डावा दंड पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. सूज नाही, लाली नाही, गाठ नाही. दंड ठणठणीत होता.

"काहीच नाही नत्थूजी. एकदम छान आहे."

हे ऐकून माणसाचा चेहरा खुलायला हवा. नत्थूजींचा पडला. ते खुर्चीत बसले, बाही खाली केली, आणि म्हणाले, "मंग माह्या पोरीचं लग्न माह्याशिवाय लागते आता."

न सुजलेला दंड आणि पोरीचं लग्न यांचा काय संबंध, ते मला कळेना. माझ्या नोकरीत बरेच चमत्कारिक प्रश्न येतात, पण सूज नाही म्हणून रडकुंडीला आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मला हसू येत होतं आणि ते मास्कच्या आत दाबणं चालू होतं. मास्कचा तेवढा एक फायदा होता.

आधी नोकरीचं सांगते. मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे डॉक्टर नाही, नर्स नाही, आणि कारकून म्हटलं की मला राग येतो. नव्या औषधाची किंवा लसीची माणसांवर चाचणी चालते, तिला ट्रायल म्हणतात. त्या ट्रायलमध्ये कोण आलं, कोणाला कधी टोचलं, टोचल्यावर कोणाला काय झालं, हे सगळं सांभाळायचं काम माझं. ही गोष्ट करोनाच्या पहिल्या वर्षातल्या हिवाळ्याची. नागपूरच्या एका खासगी हॉस्पिटलात लसीची ट्रायल चालू होती आणि आम्हाला स्वयंसेवक मिळत नव्हते.

मी मूळची नागपूरजवळच्या सौंसरची. आईशी फोनवर बोलताना मी सहज म्हटलं, "लोकच येत नाहीत गं." आई कोणालाही काहीही सांगते. आठवडाभरात बोरगावच्या अलीकडच्या एका गावातून जीप भरभरून माणसं यायला लागली. गावाचं नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजूनही माझ्या घरी जेवायला येतात. सगळे कापूस-संत्रावाले. टोचून घेतलं की परतीच्या वाटेवर जामसांवलीला हनुमानाचं दर्शन, तिथेच चहा-फराळ, आणि मग घरी. एका फेरीत दोन्ही कामं होतात म्हणून खूश होते.

या सगळ्यांचे पुढारी नत्थूजी. साठीला टेकलेले, सडपातळ, बोलायला मोकळे. त्यांचा धाकटा भाऊ रामदास पांढुर्ण्याला राहायचा. तिथे त्याचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. तोही आला होता.

ट्रायलमध्ये घेण्याआधी प्रत्येकाला सगळं समजावून सांगावं लागतं. पटलं तर सही, नाहीतर नमस्कार. मी या मंडळींना त्यांच्याच बागेतून समजावलं होतं. "नवीन फवारा आला की तुम्ही झाडांची एक ओळ तशीच सोडता ना?"

"सोडतो न," नत्थूजी म्हणाले. "नाईतं कळन कसं, कीड फवाऱ्यानं गेली का थंडीनं गेली?"

"तसंच हे. काही जणांना लस मिळेल. काही जणांना नुसतं मिठाचं पाणी. त्या पाण्याला प्लासिबो म्हणतात. बाटल्या दिसायला सारख्या, त्यांवर फक्त नंबर. कोणाला काय द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही, आमच्या डॉक्टर मॅडमलाही नाही."

"तुले काऊन नाई?"

"मला कळलं तर मी लसवाल्याला रोज फोन करून विचारीन, बरं वाटतं ना, काही होत नाही ना. पाणीवाल्याचा खोकलाही मला मोठा वाटेल. मग हिशेब बिघडला."

याला आमच्याकडे ब्लाइंडिंग म्हणतात. नत्थूजींना ते पटलं. सही करता करता एवढंच म्हणाले, "पण झाड बोलत नाई बाई. माणूस बोलते." मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

तर आता ते माझ्यासमोर बसून लग्नाचं सांगत होते, आणि ती कथा अशी होती.

पहिला डोस घेऊन मंडळी गावात गेली. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या पारावर बसली. कोणाचा हात दुखत होता, कोणाला अंगात कसर, म्हणजे बारीक ताप, वाटत होती, कोणाला काहीच नव्हतं. बोलता बोलता तिथेच निवाडा झाला. ज्याचा हात दुखला तो असली. ज्याला काही झालं नाही तो पाणी. दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कोण असली आणि कोण पाणी ते तोंडपाठ होतं. आम्ही लाखो रुपयांचं कुलूप लावलेलं गुपित पारावर फुकटात उघडलं गेलं होतं. बरोबर की चूक हा वेगळा प्रश्न.

सगळ्यात वरचा असली म्हणजे रामदास. त्याला सणकून ताप आला होता. त्याची बायको ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती आणि तो अंथरुणातून लोकांना फोन करून सांगत होता, "आल्ता न! मले आल्ता!"

नत्थूजींच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलेलं होतं. ती मोहगावच्या एका शाळेत शिकवायची. साखरपुड्याचं साक्षगंध झालं होतं, आणि गडंगनेर, म्हणजे तुमचं केळवण, ती घरोघरी सुरू झाली होती. पारावर नत्थूजींनीच नियम काढला. लग्नात सगळा कारभार असलींनी करायचा. मांडव, पंगत, पाहुणे, सगळं. पाणीवाल्यांनी घरात बसायचं, म्हणजे कोणाला धोका नाही. नियम ऐकायला शहाणपणाचा होता. नत्थूजींनी तो छाती पुढे काढून मांडला, कारण त्यांचा स्वतःचा हात चांगलाच दुखत होता.

सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्यात पल्लवी बापाला जेवायला बोलवायला आली. बाप दंड चोळत कण्हत होता. तिने पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हा तं उजवा हात आहे. सुई डाव्या हातात टोचली होती न?"

उजवा हात संत्र्याचे क्रेट उचलून दुखत होता.

पारावर जो हशा पिकला तो बोरगावपर्यंत गेला असेल. हसून झाल्यावर नियम मात्र नियम राहिला. नत्थूजी पाणी ठरले. स्वतःच्या पोरीच्या लग्नात त्यांनी घरात बसायचं आणि कन्यादान असली काकाने, म्हणजे रामदासने करायचं, असं ठरलं. पल्लवी त्या दिवसापासून जेवत नव्हती. आपण कशाला तोंड उघडलं म्हणून रडत होती.

"आता तूच सांग," नत्थूजी म्हणाले. "मी असली का पाणी? एवढंच सांग. कोनाले सांगत नाई."

"मला माहीत नाही."

"देवाशपथ?"

"जामसांवलीच्या हनुमानाची शपथ. मला माहीत नाही."

तेव्हा कुठे त्यांना पटलं. ते उठले, दाराशी गेले, पुन्हा वळले आणि म्हणाले, "एकच पोरगी आहे व माय." मग माझं हसू कुठच्या कुठे गेलं.

मी सरळ आमच्या डॉक्टर काळमेघ मॅडमकडे गेले. साइटवरच्या, म्हणजे आमच्या हॉस्पिटलातल्या, ट्रायलची जबाबदारी त्यांची. मी कथा सांगायला लागले, उजव्या हातापर्यंत आले, आणि मॅडमनी टेबलावर डोकं ठेवलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम सरळ बसल्या.

"वैशाली, हे हसण्यासारखं नाहीये."

"मी कुठे हसतेय? तुम्हीच हसताय."

"ऐक. स्वतःला असली समजणारे मास्क काढून गावभर जेवणार. पाणी समजणारे कोंडून घेणार. मग करोना कोणाला जास्त होईल?"

"असलींना."

"आणि त्यातल्या काहींना खरंच लस मिळालेली असली तर? लस चांगली असूनही आकड्यांत वाईट दिसेल. एका गावाने ट्रायल बुडत नाही, पण प्रत्येक साइटवर असा एक पार निघाला तर? तू जा तिकडे. आजच्या आज."

साथीच्या काळात ट्रायल कशाला, हा प्रश्न मला तेव्हा रोज कोणीतरी विचारायचं. रिक्षावाला, मावशी, बँकेतला माणूस. त्याचं उत्तर मला पाठ होतं. पण ते उत्तर द्यायची खरी पाळी नत्थूजींच्या बागेत आली.

बागेत आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात उतरणारी, संत्री काढून झाली होती. झाडांखाली खुर्च्या मांडल्या होत्या, माझ्या सूचनेप्रमाणे लांब लांब. मंडळी येताना मात्र आपसूक दोन बाजूंना बसली. रामदास उभा राहून व्यवस्था बघत होता. "ताप आलेले पुढं बसा. नुसता हात दुखलेले मधात. बाकीचे तिकडं विहिरीपाशी." विहिरीपाशी सगळ्यात मागे नत्थूजी मान खाली घालून बसले होते.

मी बोलायला लागले. मिठाच्या पाण्यानेही हात दुखू शकतो, सुई तर सुईच आहे. आपल्याला काहीतरी होणार असं वाटत राहिलं की कसर येते, अंग मोडतं, कधी ताप चढल्यासारखा वाटतो. आणि खरी लस घेऊनही एखाद्याला काहीच होत नाही. तेव्हा हातावरून काही ओळखता येत नाही. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. शेवटी टाळ्या वाजवल्या. रामदासने आभार मानले आणि म्हणाला, "ताईनं लई छान सांगतलं. मंग हे पक्कं राहिलं, पंगत ताप आलेल्यायकडं."

मला तिथेच एखादं संत्रं त्याला फेकून मारावंसं वाटलं. नशीब, बहार उतरला होता.

पल्लवी घराच्या पायरीवर उभी होती. ती पुढे आली. डोळे सुजलेले, पण आवाज मास्तरणीचा.

"ताई, एक विचारू? लोकं मरून राहिले. तुमच्यापाशी लस आहे. अन् तुम्ही लोकायले पाणी टोचून राहिले. माह्या बाबाले पाणी टोचलं असन तं हे बरोबर आहे का?"

पाठ केलेलं उत्तर मी गिळलं.

"आमच्यापाशी लस नाही पल्लवी. आमच्यापाशी एक बाटली आहे. तिच्यातलं औषध लस म्हणून चालतं का, तेच शोधतोय. आज तरी कोणी सांगू शकत नाही की बाटलीवाला नशीबवान आणि पाणीवाला फसला. औषध कुचकामी निघू शकतं. एखादेवेळी त्रासही देऊ शकतं."

"मंग सगळ्यायले एकदम देऊन पाहाचं. लागली तं लागली."

"दिली. आणि महिन्याभरात साथ उतरली. लसीने उतरली की आपोआप?"

तिने उत्तर द्यायला बोट वर केलं आणि तसंच खाली घेतलं.

"आणि समजा चढली. मग लोक म्हणतील लसीनेच चढली. दोन्हीकडून आपल्याला काही कळलेलं नाही, आणि तोवर सगळ्या देशाला टोचून झालंय. साथीत घाई असते ना, म्हणूनच आधी बघून घ्यावं लागतं. घाईत चूक झाली तर ती एकट्या-दुकट्याला होत नाही."

पल्लवीने जरा विचार केला. "म्हणजे कोनालेच काही माहीत नाई."

"कोणालाच नाही. तुझ्या काकालाही नाही."

"मले ताप आल्ता!" रामदास ओरडला.

मी परत आले. मॅडमना सांगितलं, अर्धं काम झालं. खरं तर पाव झालं होतं.

मग दुसऱ्या डोसचा दिवस आला. त्या दिवशी जे झालं ते मी आजवर कितीतरी नव्या कोऑर्डिनेटरांना ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, आणि दर वेळी सांगताना माझंच हसू आवरत नाही.

मी नाव पुकारलं, "रामदास कामडे." एक उंच, सडपातळ माणूस उठून आत आला. नाकातोंडावर दुपट्टा घट्ट गुंडाळलेला, डोक्याला टोपी. जन्मतारीख विचारली, बरोबर सांगितली. पत्ता बरोबर. मग माझा नेहमीचा प्रश्न, "मागच्या वेळी काही त्रास झाला?"

"लई ताप आल्ता! लई म्हंजे लईच! अंग असं जळून राहिलं होतं!"

इतक्या आनंदाने ताप सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता. रामदास स्वतःसुद्धा इतका हरखून सांगत नव्हता. आणि आवाज ओळखीचा होता.

"दुपट्टा खाली करा."

"कायले बाई? करोना आहे न."

"एक मिनिट खाली करा. मला फोटो जुळवायचाय."

दुपट्टा उतरला. आत नत्थूजी. त्याच क्षणी दार ढकलून खरा रामदास आत घुसला, हात जोडून.

"त्याले काही म्हनू नका ताई. माही आयडिया आहे."

"कसली आयडिया?"

"मले एक डोज झाला. ताप आला, म्हंजे थोडं तं आलंच असन अंगात. आता उरलेला दादाले द्या. त्याचं पाणी मी घेतो. अर्धं अर्धं झालं तं दोघंही असली. मंग कन्यादान त्यालेच करता येते. बापाच्या जागी काका उभा राहिला तं पोरीले आवडन का? मलेच आवडत नाई."

त्या घरात पानातली शेवटची जिलबीसुद्धा दोन तुकडे केल्याशिवाय कोणी खात नाही. लसही तशीच वाटून घ्यायची होती. मी ओरडायलाच लागले. दोघांना एकेक चुकीचा डोस गेला असता तर दोघंही ट्रायलबाहेर, त्यांचं आतापर्यंतचं सगळं वाया, वर माझी नोकरीही गेली असती. माझा आरडाओरडा ऐकून मॅडम आल्या. त्यांनीही दोघांना चांगलं फैलावर घेतलं.

"कामडे, तुम्ही दोघं माझी ट्रायल बंद पाडणार!"

एवढं बोलून त्या भिंतीकडे वळल्या. पाठमोऱ्या मॅडमचे खांदे हलत होते. मी ओळखलं आणि फाइलमागे तोंड लपवलं. दोन भाऊ बिचारे शिक्षा ऐकायला उभे, आणि आम्ही दोघी दोन दिशांना तोंड करून गुदमरतोय.

शेवटी दोघांनी आपापल्या नंबरचं इंजेक्शन आपापल्या हातात घेतलं. मी जवळ उभी राहून बघितलं. परत जाताना नत्थूजी मला म्हणाले, "तू आमच्या सौंसरची असून अशी कशी व?"

दुसऱ्या डोसनंतर रामदास डबल असली झाला. मास्क खिशात गेला. लग्नाच्या पत्रिका वाटायचं काम त्याच्याकडे होतं. तो आणि गावातला आणखी एक ताप आलेला गडी पांढुर्ण्यात घरोघरी फिरले. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी गप्पा, जिथे गडंगनेर तिथे जेवण. मी फोन करून बजावलं, नत्थूजींनी बजावलं. रामदास म्हणाला, "ताई, तुमी आपल्याच लसीले भिऊन राहिल्या."

मग एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"ताई, संत्र्याचा वास येऊन नाई राहिला."

संत्र्यांत जन्म काढलेला तो माणूस. मी एवढंच विचारलं, "खोकला?" तो म्हणाला, "हाव." त्याला नागपूरला बोलावून स्वॅब घेतला. पॉझिटिव्ह. त्याच्याबरोबर पत्रिका वाटणाराही पॉझिटिव्ह. रामदासचा ऑक्सिजन खाली आला आणि त्याला आमच्याच हॉस्पिटलात भरती केलं.

इथे आमच्या धंद्याची एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. ट्रायलमध्ये कोणी आजारी पडलं की त्याला केस म्हणतात आणि केसेस मोजाव्या लागतात. पाणीवाल्यांत जास्त आणि लसवाल्यांत कमी निघाल्या तर लस चालते. कोणी आजारी पडावं असं आम्हाला मुळीच वाटत नसतं, आणि कोणीच पडलं नाही तर काहीच कळत नाही. मॅडम कोरड्या आवाजात म्हणाल्या, "एक केस." पण राउंडला त्या सगळ्यात आधी रामदासच्या खाटेपाशी जायच्या, ते मी बघत होते.

नत्थूजी गेटबाहेर उभे राहायचे. आत सोडत नव्हते. रामदास पत्रिकांच्या नादात पांढुर्ण्यातच होता, गावाकडे फिरकला नव्हता, म्हणून नत्थूजींचं घर सुटलं होतं. तरी सगळ्यांचे स्वॅब घेतले, निगेटिव्ह आले.

"आता तं सांग," नत्थूजी म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. "त्याले लस देल्ली होती का नाई? आता तं भावाचा जीव आहे."

जिवावर बेतलं तर कॉम्प्युटरमधून उत्तर काढायची सोय असते. मी मॅडमना विचारलं. मॅडम स्वतः गेटपर्यंत आल्या. "नत्थूजी, उत्तर लस आलं काय आणि पाणी आलं काय, मी त्यांना हेच औषध देणार, हाच ऑक्सिजन देणार. उत्तराने त्यांना काही मिळणार नाही."

नत्थूजी गेटच्या गजाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मंग नका पाहू. बरा करा फक्त."

इकडे गावात हाहाकार उडाला होता. डबल असली आडवा पडला, त्याचा जोडीदारही पडला. पारावर जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघायला लागला. आता काय समजायचं? रामदासला पाणी मिळालं होतं म्हणून तो पडला, की लस मिळूनही पडला? दोन्ही होऊ शकतं. एका माणसावरून काही कळत नाही, त्यासाठीच तर हजारो माणसं लागतात. मी फोनवर पारावरच्या एकाला हे सांगत होते आणि पल्लवीने मध्येच त्याच्याकडून फोन काढून घेतला. तो तिने स्पीकरवर टाकला असावा, कारण पुढचं ती पाराला सांगत होती.

"ऐका सगळे. कोन असली, कोन पाणी, कोनालेच माहीत नाई. काकाले माहीत नाई, या ताईले नाई, डॉक्टरनीले नाई. मंग माह्या बाबाले मांडवातून कोन हाकलन?"

नियम त्याच जागी मोडला. लग्न बागेत, मोजक्या माणसांत, सगळ्यांनी मास्क लावून, आणि कन्यादान बापाने, असं ठरलं. मी नागपुरात ऑफिसच्या जिन्यात उभी होते आणि एकटीच टाळ्या वाजवत होते. वरून जाणाऱ्या वॉर्डबॉयने विचारलं, "मॅडम, प्रमोशन?"

लग्नाला मी गेले. झाडांच्या ओळींतून लांब लांब खुर्च्या. नत्थूजींनी नवं धोतर, फेटा आणि पांढराशुभ्र मास्क लावला होता. लेकीचा हात जावयाच्या हातात देताना मास्क डोळ्यांपर्यंत भिजला आणि पल्लवीच्या आईने तो मांडवातच बदलून दिला. तोवर रामदासचा ऑक्सिजन बराच सुधारला होता. सिस्टरने त्याच्यासमोर फोन धरला होता आणि तो नाकात नळी घालून व्हिडिओवरून पंगत चालवत होता. "तिकडं बुंदी नाई पोचली! वांग्याची भाजी कोन वाढून राहिलं? अबे, वरण!" सिस्टर त्याला गप्प करत होती आणि मांडवातली माणसं हसून लोळत होती. पल्लवीने जाताना फोनला नमस्कार केला. तेव्हा मात्र त्याने सिस्टरच्या हातून फोन घेऊन उशीशी ठेवला आणि स्क्रीनवर फक्त हॉस्पिटलचं छत दिसत राहिलं.

रामदास बरा होऊन घरी गेला. पुढे ट्रायलचा निकाल आला. लस चालत होती. ज्यांना प्लासिबो मिळालं होतं त्यांना आता लस द्यायची होती, म्हणून कोणाला काय मिळालं ते उघड झालं. यादी हातात आली तेव्हा मी आधी कामड्यांचे नंबर शोधले आणि खुर्चीत बसले. नत्थूजींना फोन लावला.

"नत्थूजी, तुम्हाला लस मिळाली होती. दोन्ही डोस."

"मले? असली?"

"असली. आणि रामदासला पाणी."

त्या दिवशी दुपट्ट्याची अदलाबदल जमली असती तर या माणसाने आपला खरा दुसरा डोस देऊन भावाकडून मिठाचं पाणी घेतलं असतं. मला वाटलं, आता नत्थूजी माझे आभार मानणार. मी नम्रपणे काय बोलायचं ते ठरवूनही ठेवलं.

"म्हंजे," नत्थूजी सावकाश म्हणाले, "बदली झाली असती तं त्याले एक तरी असली डोज भेटला असता."

"हो, पण एका डोसने काय झालं असतं ते..."

"तो बिमार पडला, बाई. आमी बरोबरच करून राहिलो होतो. तूच मधात आली."

त्यांनी फोन ठेवला. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढं ऐकून घ्यायचाच तुला पगार मिळतो."

आजारानंतर ठरलेला काळ गेल्यावर रामदास लस घ्यायला आला. नत्थूजी सोबत. माझ्याशी बोलत नव्हते, पण माझ्यासाठी डबा आणला होता. मी दोघांचे दुपट्टे खाली करायला लावले. रामदासला खरी, पक्की, नाव लिहिलेली लस त्याच्या डोळ्यांसमोर बाटलीतून काढून टोचली. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, ताप नाई आला."

"छान."

"हातही दुखून नाई राहिला."

"अजून छान."

"खरं सांगा ताई. आता तं ट्रायल झाली न? मंग यावेळीबी पाणीच काऊन देल्लं?"

मी त्याला समजावलं. बाटली दाखवली होती, नाव वाचून दाखवलं होतं, त्याने स्वतः वाचलंही होतं. तो "हाव, हाव" म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून आईच्या ओळखीच्या एका बाईने मला कळवलं, रामदास दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोय की नागपूरची लस आता पहिल्यासारखी राहिली नाही; तेव्हा निदान ताप तरी यायचा.